राह्यले की राह्यलं

परवा तुमच्या आईचा फोन आला. तुम्हा दोघांच्या रक्ताचे रिपोर्ट आलेत आणि दोघांचंही ड जीवनसत्त्व फार कमी निघालं, असं तिनं सांगितलं. तिकडे थंडीत सूर्यच दिसत नाही, त्यामुळे सगळ्यांचंच कमी असतं, आठवड्याला एक गोळी घ्यायची की झालं, असंही म्हणाली. मग विषय माझ्या गुडघ्यांवर आणला. गुडघे बरे आहेत म्हटलं आणि फोन ठेवला. पण तेव्हापासून मला तेलुगू मुलखातल्या, मंचेरियलच्या आमच्या जुन्या घराशिवाय दुसरं काही सुचत नाही. म्हणून हे लिहायला बसले. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, माहीत आहे मला. सावकाश वाचा.

ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्या माझ्या मोठ्या जाऊबाई, म्हणजे तुमच्या आजोबांच्या थोरल्या भावाची बायको. तुमची आई त्यांना मोठीआई म्हणायची. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे तुमच्या आईचं निम्मं बालपण त्यांच्याच मांडीवर गेलं. आम्ही एका घरात राहत होतो. अंगण एक, चुली दोन. पुढच्या खोल्या त्यांच्या, मागच्या आमच्या. मी गावातल्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची, तुमचे आजोबा पाटबंधारे खात्यात होते, आणि थोरले भाऊ कोळशाच्या खाणीत.

नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडे भासरे म्हणतात. भासऱ्यांशी धाकट्या सुनेनं थेट बोलायचं नाही, त्यांनीही तिच्याशी नाही, अशी तेव्हा रीत होती. मी नागपूरची, एम. ए. झालेली, तरी मीही ती पाळली. भासऱ्यांना मला काही सांगायचं असलं की ते भिंतीकडे बघून बोलायचे. "मास्तरीणबाईले सांगा, पेपर आला." जाऊबाई तिथंच उभ्या असायच्या आणि मीही. मग जाऊबाई माझ्याकडे वळून मोठ्या गंभीरपणे सांगायच्या, "मास्तरीणबाई, पेपर आला बरं." आणि पदर तोंडावर धरून हसायच्या. आमचं सगळं बोलणं असं वळसा घालून व्हायचं, आणि कोणाचं त्यात काही अडत नव्हतं.

भासरे बहुतेक रात्रपाळी करायचे. त्यांना ती सोयीची वाटायची. सकाळी घरी यायचे, आंघोळ करून जेवायचे आणि झोपायचे, ते पार दुपार कलेपर्यंत. दिवसा झोपायचं म्हणजे घरात अंधार हवा. जाऊबाईंनी खिडक्यांच्या काचांना तपकिरी कागद चिकटवले होते. दाराला जुनी गोधडी टांगलेली असायची. त्या अंधारातच त्या तांदूळ निवडायच्या, बोटांनी खडे ओळखून. भांडं वाजू नये म्हणून ओट्यावर फडकं पसरून ठेवायच्या. अंगणात धुणं टाकायलासुद्धा संध्याकाळी जायच्या, कारण कडी काढली की आवाज व्हायचा. उन्हाळ्यात तर सगळा गावच दारं लावून आत बसायचा, त्यामुळे त्यांच्या अंधाराचं कोणाला काही वाटायचं नाही. मी भर उन्हातून कॉलेजात जायची-यायची, काळवंडलेली. त्या माझा हात आपल्या हाताशेजारी धरायच्या.

"पहा. लग्नाच्या आधी मी तुमच्याहून काळी होती. बापाच्या वावरात कापूस येचत होती दिवसभर. आता पहा कशी झाली."

त्यांचं माहेर बाजारहत्नूरकडचं. कापूस, ज्वारी, उघडं रान. तिथून त्या लग्न होऊन खाणीच्या गावात आल्या आणि अंधाऱ्या खोलीत गोऱ्या झाल्या. त्यांना त्याचा अभिमान होता, आणि आम्हा सगळ्यांना त्यांचं कौतुक.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर भासऱ्यांना दिलाचा दौरा आला. दुपारी झोपेतून उठले ते छाती धरूनच. अंगाला दरदरून घाम, डावा हात जड. त्यांनी स्वतःच सांगितलं, "छातीवर धोंडा ठेवला कोनी." घरातल्या प्रत्येकाला, शेजाऱ्यांनाही, बघताक्षणी कळलं की हे काळजाचं आहे. खाणीच्या दवाखान्यात कार्डिओग्राम काढला, तिथून हैदराबादला नेलं, आणि ते वाचले. परत आल्यावर त्यांना जमिनीवरचं हलकं काम मिळालं, दिवसाचं. डॉक्टरांनी रोज सकाळी फिरायला सांगितलं. मीठ कमी, तूप बंद, अंडी बंद. घर सगळं त्यांच्या काळजाभोवती फिरू लागलं. कोणी भेटायला आलं की भासरे कार्डिओग्रामची लांब पट्टी काढून दाखवायचे, लोक लग्नाचे फोटो दाखवतात तशी. "हे पहा, इथं बिघडलं होतं."

जाऊबाई मात्र जिथल्या तिथं होत्या. खिडक्यांवरचे कागद काढायचं कोणाच्या मनात आलं नाही. आता दुपारी भासरे घरी नसायचे, तरी जाऊबाईंना उजेडाची सवयच राहिली नव्हती. डोळे दुखतात म्हणायच्या. नवऱ्यासाठी वेगळा फिका स्वयंपाक करायच्या आणि स्वतः तोच खायच्या.

त्याच सुमारास त्यांची चाल बदलली. आधी कंबर धरायची, मग मांड्या, मग गुडघे. पायरी चढताना गुडघ्यावर हात रेटून चढायच्या. चालताना दोन्ही बाजूंना झुलायच्या. तुमची आई त्यांच्यामागून बदकासारखी चालून दाखवायची आणि जाऊबाई तिला म्हणायच्या, "चाल, चाल. तुले बी सासू भेटंल अशी नक्कल करनारी." थोडं चाललं की त्यांना दमही लागायचा. शेवटी मी कॉलेजातून रजा घेतली आणि त्यांना खाणीच्याच दवाखान्यात नेलं.

तिथला डॉक्टर नवा होता, आंध्राकडचा, तरुण. त्याला मराठी मुळीच येत नव्हतं, हिंदी अडखळत. माणूस चांगला होता, हे मी आजही म्हणते. जाऊबाईंना तेलुगू यायची ती बाजारापुरती. भाज्यांची नावं, आकडे, आहे, नाही. मी चिठ्ठी करून घ्यायला खिडकीशी गेले आणि तेवढ्यात त्यांना आत बोलावलं. मी दारात पोचले तेव्हा डॉक्टर त्यांना विचारत होता.

"गुंडे नोप्पी उंदा, अम्मा?"

गुंडे म्हणजे तेलुगूत काळीज. काळजात दुखतं का, असं तो विचारत होता. घरात काळजाचा रोगी आहे हे त्याला नर्सकडून कळलं असणार, आणि बाई धापा टाकत आली होती. प्रश्न अगदी बरोबर होता. पण जाऊबाईंना ऐकू आलं ते गुडघे.

"उंदी, सारू, उंदी," त्या मोठ्या आशेनं म्हणाल्या. "रेंडु."

आहे, साहेब, आहे. दोन्ही.

डॉक्टर खो खो हसत सुटला. "मीकु रेंडु गुंडेलुन्नाया, अम्मा?" तुम्हाला दोन काळजं आहेत का?

बाजूला उभी असलेली नर्स आपल्याकडची होती. तीही हसत होती. "अवो मावशी, गुंडे म्हंजे काळीज. डॉक्टर काळजाचं पुसून राह्यले आन तुमी गुडघे दाखवून राह्यल्या." मग तिनं डॉक्टरला तेलुगूत समजावलं. बाकावर बसलेले रोगी हसले. जाऊबाईही हसल्या, पदर तोंडावर घेऊन, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. डॉक्टरनं हसत हसतच गुडघ्यांसाठी मलम आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहिल्या. आधीचा प्रश्न त्यानं पुन्हा विचारला नाही. बाहेर रांग होती.

घरी आल्यावर हे सांगितलं तेव्हा भासरे आजारपणानंतर पहिल्यांदा मोकळेपणी हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला, आणि जाऊबाई घाबरून पाणी घेऊन धावल्या. त्या दिवसापासून आमच्या घरात गुडघ्यांना गुंडे म्हणायला लागले. तुमची आई विचारायची, "मोठीआई, गुंडे चेपून देऊ?" तुमचे आजोबा विचारायचे, "काय वैनी, गुंडे काय म्हणतात आज?" आणि त्या म्हणायच्या, "काय म्हनतीन भाऊजी, दोघंबी कुरकुर करून राह्यले." त्यांनाही तो शब्द आवडला होता. निदान तसं आम्हाला वाटायचं. पण त्या दवाखान्यात त्या पुन्हा गेल्या नाहीत. मी दोनदा-तीनदा म्हटलं.

"नाई जात मी त्याच्याकडे. मले पाह्यलं की हासते तो."

"तो विसरला असेल, बाई."

"तो विसरला असंल. बाकावरचे नाई विसरले. परवा बाजारात एक जन मले रेंडु गुंडेला अम्मा म्हनला."

मग दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना माझ्या माहेरी, नागपूरला घेऊन गेले आणि तिथल्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. ते वयस्क होते, बोलायला शांत. रक्तातलं ड जीवनसत्त्व मोजायची सोय तेव्हा आमच्या आवाक्यात नव्हती. त्यांनी कमरेचे आणि मांड्यांचे एक्स-रे काढले, त्यांना चालून दाखवायला सांगितलं, नडगीचं हाड अंगठ्यानं दाबलं. जाऊबाई कळवळल्या.

"हाडं मऊ पडलीत," ते म्हणाले. "उन्हात जाता का?"

"आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात ऊन काय कमी हाय का, डाक्टरसाहेब? दगड फुटतेत."

"जिल्ह्यात आहे हो. तुमच्या अंगावर कधी पडतं?"

जाऊबाई विचार करत राहिल्या. त्यांना आठवेना. मग त्यांनी रात्रपाळीचं सांगितलं, कागदांचं, गोधडीचं. डॉक्टरांनी विचारलं, नवरा काय करतो? जमिनीखाली होते, आत्ता आत्ता वर आलेत, त्यांना दिलाचा दौरा आला होता. डॉक्टर म्हणाले, "मग त्यांच्याही अंगात हे कमीच असणार. तुम्ही दोघंही एकाच अंधारात राहिलात." जाऊबाईंनी हे वाक्य घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. त्यांना त्यात काही दुःखाचं वाटलं नव्हतं, उलट बरं वाटलं होतं. नवऱ्याच्या आजाराशी आपल्या आजाराचं काही नातं आहे, असं पहिल्यांदाच कोणी बोललं होतं.

डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, पुड्या दिल्या आणि रोज सकाळी उन्हात बसायला सांगितलं. परत आल्यावर मी अंगणात पूर्वेकडे एक वेताची खुर्ची मांडली. जाऊबाई तिच्यात बसायच्या त्या डोक्यावरून पदर घेऊन, कोपरापर्यंत बाह्या, पायात मोजे, हात पदरात. ऊन लागायला उघडं राहायचं ते नाक. मी म्हणायची, "बाई, पदर काढा." त्या म्हणायच्या, "रस्त्यावरून लोक जातेत. डोक्यावरचा पदर काढून बसू का मी अंगनात?" भासरे फिरून येताना त्यांना तसं बघायचे आणि भिंतीला सांगायचे, "मास्तरीणबाईले म्हना, तुमच्या लोनच्याले ऊन दाखवून झालं का?" शेजारीण कुंपणावरून विचारायची, "काय वैनी, वाळवन घातलं का आज?"

"घातलं ना," जाऊबाई म्हणायच्या. "कावळे हाकलाले मास्तरीण बसवली."

हळूहळू मोजे निघाले. मग हात पदराबाहेर आले. डोकं कधीच उघडं झालं नाही. तरी त्या हिवाळ्यात त्यांच्यात फरक पडला. पायरी चढताना गुडघ्यावर हात टेकावा लागेना. एकदा त्या एकट्या बाजारात जाऊन सीताफळं घेऊन आल्या आणि ती पिशवी त्यांनी सगळ्या घराला दाखवली. मला वाटलं, झालं, आता या बऱ्या झाल्या. हे मी मुद्दाम लिहिते, कारण त्यानंतर तसं मला कधी वाटलं नाही.

हाडांचं दुखणं कमी झालं तसं दुसरंच काही उघडं पडलं. बादली उचलली की त्यांच्या पाठीत, दोन खांद्यांच्या मध्ये, कळ यायची. बसलं की थांबायची. मळमळायचं. संध्याकाळी इतक्या थकायच्या की भाकरी थापता थापता ओट्याला टेकून उभ्या राहायच्या. आणि दाढ दुखायची, डावीकडची खालची. कामात असताना दुखायची, निजल्यावर नाही. आमच्या गावातल्या दातवाल्यानं ती काढून टाकली. काढलेली दाढ मी पाहिली. चांगली पांढरी, कुठं कीड नाही. दाढ गेली, दुखणं राहिलं.

मी इंग्रजी मासिकं वाचायची, त्यात काळजाच्या रोगावरही लेख असायचे. पण चित्रातला माणूस नेहमी पुरुष असायचा, छाती धरून उभा, टाय सुटलेला. बायकांचं काळीज वेगळ्या रीतीनं दुखू शकतं, पाठीत, जबड्यात, नुसत्या थकव्यात, हे मला तेव्हा कुठं वाचायला मिळालं नाही. मला फक्त एवढं वाटत होतं की बादली उचलल्यावर दुखतं आणि ठेवल्यावर थांबतं, हे काही दाढेचं लक्षण नव्हे. मी तुमच्या आजोबांना सांगितलं आणि त्यांनी भावाला. रात्रीची जेवणं चालली होती, मी दाराआड उभी होते.

"दादा, वैनीचा एकदा कार्डिओग्राम काढू."

"काऊन?"

"तिला दम लागतो. पाठीत दुखतं."

"अरे, तिचे हाडं मऊ हायेत. नागपूरच्या डाक्टरनं सांगितलं ना. हाडाले दुखनार नाई तर काय." मग बायकोकडे वळून, "काऊन गं, छातीवर धोंडा ठेवल्यावानी होते का तुले?"

"नाई. धोंडा नाई."

"घाम येते? हात जड होते?"

"नाई जी. दाढ दुखते."

"दाढ त काढली तुझी!"

सगळे हसले. जाऊबाईही. भासरे काही निर्दय नव्हते, हे तुम्ही लक्षात ठेवा. दिलाचा दौरा कसा असतो हे घरात एकट्या त्यांना माहीत होतं, स्वतःच्या अंगावरून माहीत होतं, आणि बायकोचं दुखणं त्या मापात बसत नव्हतं. नंतर ओट्यापाशी मी पुन्हा विषय काढला तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "एका घरात एकच दिलाचा बिमार पुरे, मास्तरीणबाई. दोघं दोघं झाले त कोनाचं पथ्य कोन करंल?"

मी चिकाटी सोडली नाही. भासऱ्यांना हैदराबादला तपासणीसाठी जायचंच होतं. त्याच फेरीत जाऊबाईंनी सोबत जावं आणि तिथल्या डॉक्टरांनी त्यांचाही कार्डिओग्राम काढावा, असं मी ठरवून टाकलं. तिथल्या दवाखान्यात त्यांना कोणी ओळखत नव्हतं, कोणी हसलं नसतं. भासरे म्हणाले, "येते त येऊ द्या." जाऊबाईंनीही मान हलवली, फक्त एक अट घातली. उन्हाळ्याचे पापड, सांडगे, कुरडया झाल्यावर. चैत्र लागला होता. वाळवणाचे दिवस होते, आणि हैदराबादला ज्यांच्याकडे उतरायचं ती मंडळी पापड मागायची.

ती सकाळ सुट्टीची होती. अंगणात बाज टाकून तिच्यावर धोतर पसरलं होतं आणि धोतरावर पापड. जाऊबाई शेजारी त्यांच्या वेताच्या खुर्चीत, राखण करायला. ऊन अजून सोसण्यासारखं होतं. भासरे फिरून आले होते आणि पुढच्या खोलीत पेपर वाचत होते. मी मागे माझ्या स्वयंपाकघरात होते, तुमची आई उंबऱ्यावर बसून अभ्यास करत होती. तेवढ्यात अंगणातून जाऊबाईंचा आवाज आला. मोठा नव्हता. नेहमीसारखा.

"अवो, गुंडे दुखून राह्यलं मले."

आतून भासऱ्यांचा आवाज, पेपरच्या मागून. "कोनता? डावा का उजवा?"

तुमची आई फिसकन हसली. मीसुद्धा, बहुतेक. यावर जाऊबाईंचं काहीतरी उत्तर ठरलेलं असायचं. दोघंबी, नाहीतर तुमीच येऊन पहा. उत्तर आलं नाही. आम्ही सगळे आपापल्या कामात होतो. थोड्या वेळानं कावळ्यांची काव काव वाढली म्हणून मी बाहेर गेले. कावळे बाजेवर बसून पापड टोचत होते आणि त्यांना कोणी हाकलत नव्हतं. जाऊबाईंची मान एका बाजूला कलली होती. पदर डोक्यावरून घसरून खांद्यावर आला होता. पहिल्यांदाच त्यांच्या केसांवर, कपाळावर, सगळ्या चेहऱ्यावर ऊन पडलेलं मी पाहिलं. त्यांचे केस इतके पांढरे झालेत हे मला माहीत नव्हतं.

दवाखान्यात तोच तरुण डॉक्टर होता. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तपासून त्यानं स्टेथोस्कोप गळ्यातून काढला आणि एकच शब्द बोलला, "गुंडे." तो हसला नाही. नर्सनं तोंड फिरवलं.

आता तुम्ही विचाराल, ऊन आधी मिळालं असतं, गोळ्या वेळेवर मिळाल्या असत्या, तर त्या वाचल्या असत्या का? मीही वर्षानुवर्षं हेच मनाशी घोळवलं. तुमच्या आईनं पाठवलेलंही वाचलं, इथल्या डॉक्टरांनाही विचारलं. ज्यांच्या अंगात ड जीवनसत्त्व कमी, त्यांच्यात काळजाचे रोग जास्त दिसतात, बायकांतही आणि पुरुषांतही, असं ते सांगतात. पण कमी असल्यामुळे रोग होतो, की रोगी माणूस घरातच बसून राहतो म्हणून ते कमी होतं, हे नीट उलगडलेलं नाही म्हणतात. गोळ्यांनी हाडं सुधारतात. काळीज वाचतं असं काही दिसून आलेलं नाही. म्हणजे मी मांडलेल्या त्या खुर्चीनं फार तर त्यांची हाडं सुधारली. त्या गेल्या तेव्हा त्यांची हाडं पहिल्यापेक्षा बरी होती. तुम्ही गोळ्या घ्या, हाडांसाठी घ्या. त्यापुढचं मी काही सांगू शकत नाही, आणि सांगू शकणारं कोणी मला भेटलं नाही.

तेरावा झाला. पाहुणे गेले. एका संध्याकाळी मी माझ्या खोलीत मुलांचे पेपर तपासत होते, तर दारात भासरे उभे. ते आमच्या बाजूला कधी येत नसत. मी गडबडीनं उठले, पदर सावरला, आणि आत तुमच्या आजोबांना हाक मारणार, तोच ते बोलले. भिंतीकडे नाही, माझ्याकडे बघून.

"तुमी भाषा शिकवता. एक पुसू का?"

मी मान हलवली.

"गुडघे म्हनले त राह्यले म्हनतेत ना? दुखून राह्यले."

"हो."

"आन काळीज म्हनलं त राह्यलं."

"हो. काळीज एकच. राह्यलं."

त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकला. त्या सकाळी मीही ते ऐकलं होतं. माझं स्वयंपाकघर मागे होतं, तरी मला ऐकू आलं होतं, गुंडे दुखून राह्यलं. कानावर पडलं तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं. घरातला शब्द होता तो, आमच्या चेष्टेचा. गुंडे म्हणजे काय हे जाऊबाईंना त्या दिवशी दवाखान्यातच कळलं होतं. मोठ्या घोळक्यापुढं कळलं होतं, त्या कशा विसरतील. काळजासाठी दुसरा शब्द त्यांनी का वापरला नाही, कोण जाणे. कदाचित एका घरात एकच दिलाचा बिमार पुरे म्हणून. कदाचित जे सांगायचं ते हसण्यावारी नेता यावं म्हणून. कदाचित तोच शब्द आधी आठवला.

"बरं," भासरे म्हणाले, आणि गेले.

त्यानंतर ते माझ्याशी कधी थेट बोलले नाहीत. भिंतीशीही नाही. भिंतीचं बोलणं माझ्यापर्यंत पोचवायला घरात कोणी उरलं नव्हतं. पेपर आला की उंबऱ्यावर ठेवून द्यायचे. खिडक्यांवरचे कागद त्यांनी काढले नाहीत, मलाही काढू दिले नाहीत. ते पिवळे पडले, कडांनी सुटले, तरी तसेच राहिले.

ते पुढे बरीच वर्षं जगले, नव्वदचं दशक संपत आलं तोपर्यंत. औषध वेळेवर, फिरणं वेळेवर, फिकं जेवण स्वतःच्या हातानं शिजवून. तपासणीला तुमचे आजोबा त्यांच्याबरोबर जायचे. डॉक्टर बदलत गेले, पण दर खेपेला पहिला प्रश्न तोच असायचा, त्या भागात दुसरा कुठला असणार. "गुंडे नोप्पी उंदा?" भासऱ्यांना तेलुगू चांगली यायची, जन्म गेला होता खाणीत. तरी ते समोरच्या भिंतीकडे बघत बसायचे, ऐकूच आलं नाही असे. डॉक्टर पुन्हा विचारायचे. मग तुमचे आजोबाच त्यांच्या वतीनं सांगायचे, "लेदु, सारू." नाही. आणि दुखत नाही, असं लिहिलं जायचं.